वंशावळीत लेकींची रेघ

वंशावळ काढायला बसलं की पहिला प्रश्न नावांचा नसतो, रेघांचा असतो. बापाखाली मुलगा, मुलाखाली नातू, अशी रेघ सरळ खाली उतरते. मुलीचं नाव लिहिलंच तर कडेला, बारीक अक्षरात, आणि तिच्यापाशी रेघ संपते. बऱ्याच तक्त्यांत तेवढंही नसतं. 'कन्या ६' असा शेरा मारून मोकळे होतात.

साताऱ्यातल्या आमच्या शाळेत इतिहासाच्या खोलीत छत्रपतींच्या घराण्याचा असाच एक जुना तक्ता होता. कागद पिवळा पडून कडा सुटल्या, म्हणून तो नव्यानं करायचं ठरलं आणि काम माझ्याकडे आलं. मी मोठ्या बाईंना तेव्हाच सांगितलं, करीन, पण लेकींसकट करीन. त्यांनी दोन अटी घातल्या. स्नेहसंमेलनाआधी तक्ता भिंतीवर लागला पाहिजे, आणि त्यावरच्या प्रत्येक नावाबद्दल कुणी विचारलं तर उत्तर देता आलं पाहिजे. दोन्ही अटी रास्त होत्या. नववीच्या काही मुली मदतीला घेतल्या आणि सुरुवात केली.

आम्ही नियम असा ठरवला: लेकीची रेघ तिच्या नावापाशी थांबवायची नाही. ती आडवी न्यायची, सासरच्या घराण्यापर्यंत. तिथं घराण्याचं नाव, गाव, आणि पुढे मुलंबाळं ठाऊक असतील तर तिथून पुन्हा खाली. भोसल्यांची रेघ गेरूची, सासरच्या घराण्यांच्या रेघा निळ्या. ऐकायला हे सोपं वाटतं. कच्चा तक्ता जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर काढायला घेतला आणि पहिल्याच दोन पिढ्यांत रेघा एकमेकींना छेदायला लागल्या.

कारण राजघराण्यातल्या सोयरिकी एकदाच होऊन थांबत नसत. सईबाई फलटणच्या निंबाळकरांची लेक. तिची मुलगी सखुबाई पुन्हा निंबाळकरांकडेच दिली, सख्ख्या मामाच्या, बजाजींच्या मुलाला, महादाजींना. शिर्क्यांशी तर साटंलोटंच होतं. शिवाजी महाराजांची मुलगी राजकुंवर पिलाजी शिर्क्यांच्या गणोजीला दिली आणि गणोजीची बहीण येसूबाई संभाजीराजांना केली. मोहित्यांची सोयराबाई महाराजांची राणी, आणि तिच्या भावाची, हंबीररावांची लेक ताराबाई ही सोयराबाईच्या मुलाची, राजारामांची राणी. महाडिकांकडे तर एका पाठोपाठच्या दोन पिढ्यांत दोन लेकी गेल्या. मुलग्यांची रेघ काढली की घराणं झाडासारखं दिसतं. लेकींची काढली की कळतं, हे झाड एकटं उभं नव्हतंच.

नववीतल्या एका मुलीनं तो कच्चा तक्ता पाहून विचारलं, "बाई, म्हणजे लग्न हा तह होता का?" मी म्हटलं, होय, बऱ्याचदा होता, आणि तो तह पाळण्याचं काम आठ-दहा वर्षांच्या मुलीवर पडायचं. सखुबाईचंच पाहा. बजाजी निंबाळकरांना विजापूरकरांनी बाटवलं होतं. त्यांना परत धर्मात घेतलं खरं, पण घेतलं म्हणून लगेच कुणी पंगतीला बसवून घेत नाही. जिजाऊंनी आणि महाराजांनी स्वतःच्या घरची मुलगी त्यांच्या मुलाला दिली. राजाची लेक त्या घरात नांदते म्हटल्यावर मग कोण काय बोलणार? जावयाला वाल्ह्याची पाटीलकी करून दिली, ती कागदावर राहिली. पण निंबाळकरांना समाजात पुन्हा उभं करण्याचा भार त्या लहान मुलीनं उचलला होता, असं मी वर्गात सांगितलं तेव्हा मागच्या बाकापर्यंत शांतता होती.

नावं जुळवण्याचं काम किचकट होतं. महाराजांच्या मुली सहा: सखुबाई, राणूबाई, अंबिकाबाई, दीपाबाई, राजकुंवरबाई, कमळाबाई. पण सखुबाईला कुठं सकवारबाई म्हटलेलं, दीपाबाईला कुठं बाळीबाई, राजकुंवरला नानीबाई. त्यात सकवारबाई नावाची महाराजांची एक राणीही होती, आणि पुढे संभाजीराजांचे चिरंजीव शाहू महाराज, त्यांच्या राण्याही सकवारबाई आणि सगुणाबाईच. राजसबाई नावाची राजारामांची राणी होती आणि राजसबाई नावाचीच शाहू महाराजांची लेक. नुसतं नाव घेऊन कागदात शिरलं की हमखास गल्लत. म्हणून आम्ही प्रत्येकीसाठी एक पुठ्ठ्याचं कार्ड केलं: नाव, दुसरं नाव, वडील, आई, दिलेलं घर, गाव. या सहांतले चार रकाने भरले की कार्ड तक्त्यावर जाणार, नाहीतर खोक्यातच राहणार. आईचं नाव लिहिण्याचा आग्रह माझा. सख्खं-सावत्र कळल्याशिवाय या बहिणींचं पुढचं आयुष्य कळतच नाही, हे अंबिकाबाईनं मला शिकवलं.

अंबिकाबाईबद्दल मला सविस्तर सांगायचं आहे. ती सईबाईची मुलगी, म्हणजे संभाजीराजांची सख्खी बहीण. दिली हरजीराजे महाडिकांना, साताऱ्याजवळच्या तारळ्याच्या. हरजीराजांना संभाजीराजांनी थेट जिंजीला, कर्नाटकाच्या कारभारावर नेमलं. तारळं कुठं आणि जिंजी कुठं! आज नकाशावर बोट ठेवलं तर ती तमिळनाडूत, पुदुच्चेरीच्या अलीकडे येते. १६८९ साल उजाडलं. मार्चमध्ये सख्खा भाऊ औरंगजेबानं हालहाल करून मारला. सप्टेंबर सरता सरता नवरा वारला. आणि तो एवढा थोरला, तीन डोंगरांचा किल्ला तिच्या हाती आला. महिन्याभरात सावत्र भाऊ राजाराम वेष पालटून, जीव वाचवत, रायगडाहून पन्हाळा आणि पन्हाळ्याहून मजल-दरमजल करत जिंजीशी येऊन थडकले. अंबिकाबाईनं पहिल्यांदा त्यांना किल्ला द्यायचं नाकारलं.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. इतिहासाच्या पुस्तकांत ही गोष्ट दोन ओळींत उरकलेली असते: हरजीच्या विधवेनं आधी विरोध केला, मग दार उघडलं. मुलींना ती दोन ओळींत पटेना. काहींचं म्हणणं, तिनं चुकीचं केलं, स्वराज्याचा राजा दाराशी उभा आहे. बाकीच्या म्हणाल्या, तिनं विचार केला असेल की आज दार उघडलं तर माझ्या मुलांचं काय. तास संपला तरी वाद संपला नाही. माझं मत मी त्यांना सांगितलं ते इथंही सांगते. त्या वर्षी तिचं जे काही गेलं ते पाहता किल्ला हीच एक गोष्ट तिच्या हाती उरली होती, आणि हातातलं असं सहज कुणी सोडत नाही, बाई असो की पुरुष. गडावरच्या माणसांचा ओढा राजारामांकडे होता. तिला दार उघडावं लागलं, आणि ते उघडलं म्हणूनच पुढे १६९८ पर्यंत जिंजी लढू शकली. तक्त्यावर तिच्या नावाखाली आम्ही 'जिंजी, १६८९' एवढंच लिहिलं. लेकींपैकी किल्ल्याचं नाव आणि साल मिळालेली ती पहिली.

मग गावं पाहायला निघालो. शाळेची गाडी नव्हती, सुट्टीच्या दिवशी एसटीनं आणि पालकांच्या गाड्यांनी जमेल तसं. फलटणला राजवाडा आणि राममंदिर पाहिलं. मुलींना सईबाईंचं माहेर म्हणून ते घर पाहायचं होतं, आणि एकदा 'हे राणीचं माहेर आणि राजकन्येचं सासर' असं म्हटल्यावर त्यांचं पाहणंच बदललं.

भुईंज हायवेला लागून आहे, पुण्याला जाता-येता आपण सगळेच ते ओलांडतो. तिथं कृष्णेकाठी जाधवरावांच्या घरात दिलेल्या राणूअक्कांची, म्हणजे राणूबाईंची समाधी आहे. सईबाई राजगडावर वारल्या तेव्हा, ५ सप्टेंबर १६५९ ला, संभाजीराजे सव्वादोन वर्षांचे होते, ही मोठी बहीण त्यांच्या आसपास वाढलेली. महाराजांची सख्खी लेक आपल्या जिल्ह्यात चिरविश्रांती घेते आहे हे माझ्या वर्गातल्या बहुतेक मुलींना माहीत नव्हतं. त्यातली एक तर भुईंजच्या पुढच्याच गावची.

तारळ्याला नागठाण्यावरून आत शिरलो. तारळी नदीचं खोरं, ऊसाच्या मागे डोंगर. अंबिकाबाईचं सासर हेच आणि तिच्या सुनेचंही. सून कोण, तर सख्ख्या भावाची मुलगी. संभाजीराजे आणि येसूबाईंची लेक भवानीबाई हरजीराजांच्या मुलाला, शंकराजींना दिली. आत्याच्या घरी भाची गेली. शाहू महाराजांची ही थोरली बहीण. वडील मारले गेले, आई आणि धाकटा भाऊ रायगड पडल्यावर मोगलांच्या छावणीत कैदेत. भाऊ १७०७ ला सुटला, आई १७१९ ला. लेकीच्या आयुष्यातली ही सालं तिच्या कार्डावर लिहायची की नाहीत यावर आम्ही बोललो. ती तिच्याविषयीची नाहीत, पण तिचं सगळं तरुणपण त्यांच्यामधूनच गेलं. लिहिली.

तारळ्यात भवानीबाईंच्या समाधीचा रस्ता विचारला तर पारावरची एक आजी आमच्याबरोबर चालत आली. वाटेत मुलींना म्हणाली, "आमचीच हाय ती. संभाजी म्हाराजांची लेक हितं दिलीया." तीनशे वर्षं उलटून गेली तरी 'दिलीया' हे ती कालच्या लग्नासारखं सांगत होती. साताऱ्यात वा रायगडावर या मुलीबद्दल विचारलं तर कुणाला पटकन नाव आठवणार नाही. तारळ्यात पारावर विचारलं की सांगतात. मला जे सांगायचं होतं ते मला इथं सापडलं: राजकन्येचा इतिहास माहेरच्या तख्ताजवळ शोधू नये, दिल्या घरी शोधावा. लेकीला सासरच्या गावानं आपली म्हणून जपलेलं असतं.

संगम माहुली शेवटी ठेवली होती. कृष्णा-वेण्णेच्या संगमावर या घराण्याच्या कितीतरी समाध्या. शाहू महाराजांची, ताराराणींची, येसूबाईंची. शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याचीही आहे आणि ती पाहायला लोक आवर्जून येतात, मुलीही आधी तिकडेच धावल्या. त्यांना हाक मारून मी येसूबाईंच्या समाधीपाशी आणलं. शृंगारपूरची शिर्क्यांची लेक, एकोणतीस-तीस वर्षं कैदेत काढून जुलै १७१९ मध्ये साताऱ्यात पोचली. ताराराणी तळबीडची, हंबीरराव मोहित्यांची. पंचविशीत विधवा झाली आणि सात वर्षं औरंगजेबाशी लढाई चालवली, पुढे इथंच साताऱ्यात १७६१ ला वारली. तळबीडच्या दोन मुली बरोबर होत्या. आपल्या गावची लेक म्हणून त्यांनी तिथं हार घातला, तो त्या येतानाच घेऊन आल्या होत्या.

शाहू महाराजांच्या मुलींपर्यंत तक्ता नीट उतरला. राजसबाई निंबाळकरांकडे, गजराबाई मल्हारराव बांड्यांकडे. त्यानंतरच्या पिढ्यांत कार्डांचे रकाने भरेनात. प्रतापसिंह महाराजांना १८३९ ला पदच्युत करून काशीला पाठवलं, आणि १८४८ ला त्यांचे भाऊ आप्पासाहेब महाराज वारल्यावर दत्तक नामंजूर करून कंपनीनं राज्य खालसा केलं. जुना तक्ता इथंच थांबत होता. राज्य संपलं, वंशावळ संपली.

मला तो शेवट मान्य नव्हता. राज्यं गेली तरी घरं राहिली, आणि त्या घरांत मुली जन्मत राहिल्या. आपल्याच जिल्ह्यात १९४८ पर्यंत नांदलेलं एक संस्थान आहे, औंध. छत्रपतींच्या प्रतिनिधींचं. माहुलीचं विश्वेश्वराचं देऊळ बांधणारे श्रीपतराव याच घराण्यातले, त्यामुळे तक्त्याला ते ओढूनताणून जोडल्यासारखंही होणार नव्हतं. म्हणून आम्ही रहिमतपूरवरून औंधला गेलो.

औंधबद्दल मला लिहायला लागलं तर थांबता येत नाही. बाळासाहेब पंतप्रतिनिधींसारखा राजा विरळाच. स्वतः चित्रकार, सूर्यनमस्काराचं वेड, यमाईच्या डोंगरावर १९३८ मध्ये उभारलेलं भवानी चित्रसंग्रहालय, किर्लोस्करांना कारखान्यासाठी दिलेली जागा, भांडारकर संस्थेच्या महाभारताला दिलेला आश्रय. आणि १९३९ ला, पोलिश इंजिनिअर मॉरिस फ्रीडमन आणि गांधीजींच्या सल्ल्यानं, राजानं आपणहून सत्ता प्रजेच्या हाती दिली, बहात्तर गावांत पंचायती आणल्या. त्या कामात राजांचे चिरंजीव आप्पासाहेब पंत होते, तेच पुढे स्वतंत्र भारताचे पूर्व आफ्रिकेतले पहिले कमिशनर झाले. मुलींना मी हे सगळं सांगितलं आणि मग विचारलं, आप्पासाहेबांची मुलगी कोण, माहीत आहे?

आदिती पंत. जन्म १९४३ चा, म्हणजे आजोबा गादीवर असतानाचा. ८ मार्च १९४८ ला संस्थान विलीन झालं तेव्हा ती पाच वर्षांचीही नव्हती. मोठी झाल्यावर ती समुद्रशास्त्राकडे वळली. पुण्यात विज्ञानाची पदवी, हवाईत पुढचं शिक्षण, लंडनला डॉक्टरेट, आणि मग गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत काम. डिसेंबर १९८३ मध्ये भारताची तिसरी अंटार्क्टिक मोहीम निघाली. आधीच्या दोन मोहिमांत एकही बाई नव्हती. या वेळी दोघी होत्या, भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता आणि आदिती पंत. याच मोहिमेत दक्षिण गंगोत्री हे भारताचं पहिलं कायमचं ठाणं बर्फावर उभं राहिलं, आणि आदितीताई तिथल्या समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींचा, त्यांच्यावर उभ्या राहणाऱ्या सगळ्या अन्नसाखळीचा अभ्यास करत होत्या.

संग्रहालयाच्या पायऱ्यांवर बसून मुलींनी हे ऐकलं. एकीनं विचारलं, "त्यांना राजकन्या म्हणायचं का, बाई? त्यांचं राज्य तर राहिलंच नाही." दुसरीनं तिला तिथंच उत्तर दिलं, "मग अंबिकाबाईंचं तरी कुठं होतं?" मला मध्ये पडायची गरजच उरली नाही. आदिती पंतांचं कार्ड आम्ही त्याच दिवशी भरलं. 'दिलेलं घर' हा रकाना त्या कार्डावर आम्ही ठेवला नाही. त्या जागी 'केलेलं काम' असा रकाना आखला आणि रेघ आडवी नेऊन 'दक्षिण गंगोत्री, १९८३' पाशी पोचवली. आडव्या रेघांत ती सगळ्यांत लांबची.

त्यावरून मुलींनीच मागे जाऊन एक दुरुस्ती मागितली: सगळ्यांच्याच कार्डावर 'केलेलं काम' हवं. अंबिकाबाईंना जिंजी होतीच, ताराराणींची सात वर्षं होती, येसूबाईंची कैद होती. कैद हे काम आहे का, यावर अर्धा तास गेला. मी हो म्हटलं. शाहूला वाढवणं, घराण्याचा मान शत्रूच्या छावणीत राखणं, हे काम नाही तर काय?

तक्ता कापडावर केला. फ्लेक्स उन्हानं दोन वर्षांत उडतो, शिवाय त्यावर नंतर काही भरता येत नाही. चित्रकलेच्या सरांनी मांजरपाटाला खळ देऊन, ताणून, गेरू आणि निळा रंग कालवून दिला. अक्षर मुलींनी काढलं. पहिल्यांदा लेकींची नावं मुलग्यांपेक्षा बारीक आली होती, सवयीनंच. सरांनी पट्टी ठेवून सगळी एका उंचीची करवून घेतली. माझ्या मते या कामातला हा सगळ्यांत महत्त्वाचा अर्धा इंच होता.

संमेलनाच्या दिवशी तक्त्यापुढे बायकांची गर्दी हटेना. पालक म्हणून आलेल्या आया, आज्या आपापल्या गावाचं नाव शोधत होत्या. "तळबीड घातलंय का?" "भुईंज दिसतंय बघ." "आमच्या फलटणच्या दोघी आहेत." मग एकमेकींना आपलं माहेर सांगणं सुरू झालं. कोरी कार्डं शिल्लक होती ती आम्ही वाटली आणि प्रत्येक मुलीला घरची वंशावळ करायला सांगितली. आई, आजी, पणजी, प्रत्येकीचं लग्नाआधीचं नाव, माहेरचं गाव, आणि केलेलं काम. पणजीपाशी बहुतेकींची अडखळ होते आहे. घरात कुणाला ठाऊक नसतं, मग गावी फोन लावावा लागतो, आणि फोनवर पलीकडची म्हातारी माणसं इतकं सांगत सुटतात की मुलींना पाठकोरे कागद घेऊन बसावं लागतं.

कापडाच्या उजव्या बाजूला हातभर जागा मी मुद्दाम सोडली आहे, सांगलीसाठी. १८०१ मध्ये चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनी मिरजेहून वेगळं होऊन सांगली वसवली, तिथपासून पटवर्धनांच्या लेकी कुठं कुठं दिल्या हे मला भरायचं आहे. अभिनेत्री भाग्यश्री त्याच घराण्यातली म्हणून मुलींनी तिचं कार्ड आधीच करून ठेवलंय. मधल्या दीडशे वर्षांच्या जागा रिकाम्या आहेत. तुमच्या घरात, गावात पटवर्धनांची लेक दिलेली असेल, एखादं देऊळ, घाट, विहीर तिच्या नावावर सांगितली जात असेल, तर जरूर कळवा. नाव, वडील, आई, दिलेलं घर, गाव आणि केलेलं काम. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही सांगली-मिरजेकडे येतोच आहोत.